शेंदराखालचा आठ

मी एक गाडी बोलतेय. बैलगाडी नव्हे, एसटी नव्हे, आणि जिच्यात अख्खं वऱ्हाड कोंबून नेता येतं ती जीपही नव्हे. माझ्यात दोनच माणसं बसतात. डोक्यावर छत नाही, आणि उंची इतकी कमी की शेजारी उभी राहिलेली शेळीसुद्धा मला वाकून बघते. इंझोरीच्या शिवारात जगदेवरावांच्या गोठ्याच्या कडेला, कडुनिंबाखाली माझा मुक्काम आहे. आयुष्याचा बराचसा काळ मी इथे नुसती उभी राहिले. उभ्या गाडीला दुसरं काम नसतं, त्यामुळे माणसं बघून झाली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक गोष्ट नीट सांगायची राहिली आहे, ती सांगते.

माझा जन्म परदेशातला. कारखाना फारसा आठवत नाही. आठवतो तो पत्र्यावर फिरलेला हिरव्या रंगाचा पहिला हात. जहाजातून मद्रासला आले आणि एका गोऱ्या साहेबाकडे राहिले. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने कुत्रा सोबत नेला आणि मला मागे ठेवलं. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. कुत्र्याला जागा कमी लागते.

मग मी जगदेवच्या हाती आले. तेव्हा तो जगदेवराव नव्हता. इंझोरीच्या शेतकऱ्याचा हा पोरगा इंजिनीअरिंग शिकायला एवढ्या लांब आला होता. तिथली भाषा त्याला येईना आणि भात त्याच्या घशाखाली उतरेना. रविवारी तो माझं बॉनेट उघडायचा, हात काळे करायचा आणि माझ्याशी वऱ्हाडीत बोलायचा. माझ्याशी त्या बोलीत बोलणारा तो पहिलाच माणूस. मला ती आवडली. तिच्यात आडपडदा नव्हता.

शहराबाहेर विमानांसाठी बांधलेली एक जुनी धावपट्टी होती, तिथे गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. जगदेवने नाव दिलं. बॉनेटवर पांढऱ्या रंगाने स्वतःच्या हाताने मोठा इंग्रजी आठ काढला. उसनं हेल्मेट, उसना चष्मा, पायात कॉलेजचे बूट. त्या दिवशी ऊन असं होतं की पट्टीवरचं डांबर चाकांना चिकटत होतं. कुणाचं इंजिन तापलं, कुणाचं चाक निखळलं, एक गाडी गवतात शिरली ती शिरलीच. आम्ही मात्र पळत राहिलो आणि तिसरे आलो.

लपवण्यासारखं काही नाही म्हणून हेही सांगते, की शेवटपर्यंत पोचलेल्या गाड्याच मोजक्या होत्या. पण तिसरा म्हणजे तिसरा. उतरल्यावर जगदेवने माझ्या तापलेल्या बॉनेटला गाल लावला आणि भाजून घेतलं.

शिक्षण संपलं. मला इंझोरीला न्यायचं ठरलं तेव्हा त्याला बापाची भीती वाटली. बापाने पोराला शिकायला धाडलं होतं, शर्यती खेळायला नव्हे. म्हणून निघण्याआधी त्याने बॉनेटवर लाल रंगाचा एक जाड हात मारला आणि तो आठ झाकून टाकला. मग रेल्वेच्या मालडब्यातून मला मूर्तिजापूरला उतरवलं आणि कारंज्यावरून आम्ही गावात आलो. हिरवं अंग आणि लाल तोंड. मिरचीच्या झाडासारखी दिसत असणार मी.

गाव जमलं. सगळ्यांत आधी बोलला रामराव. जगदेवच्या बरोबरीचा, शेजारच्या वावराचा मालक, आणि जिभेला हाड नसलेला.

"दोनच सिटा? मंग सासूले कुठं बसवशीन बे?"

गाव हसलं. वर्षा-दोन वर्षांनी बाप वारला. मग जगदेवने पारावर शर्यतीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तेव्हाही रामरावच बोलला.

"मद्रासले गेला, हवाई जहाजाच्या रोडवर गाडी पळवली, अन् नंबर आला. कितवा म्हनतं?"

"तिसरा."

"लेका, थाप मारायचीच तं पयला आलो म्हनून मारावं ना! थापीतबी तिसरा?"

त्या दिवसापासून इंझोरीत कुणी काही वाढवून सांगू लागला की लोक म्हणायचे, "लय मद्रास नको मारू." बायका म्हणायच्या, शाळेतली पोरं म्हणायची. ज्यांना मद्रास कुठे आहे हे ठाऊक नव्हतं तेही म्हणायचे. जगदेव हसून सोडून द्यायचा. पण घरी येताना तो माझ्यापाशी थांबायचा आणि लाल रंगावर नख घासून बघायचा. रंग खरवडून आठ दाखवावा असं त्याच्या मनात येत असेल. पण नुसता आकडा दाखवून काय होणार? आकडा कुणीही काढतो. हेही त्याला कळत होतं.

मग तो दिवस आला.

गावाजवळच्या तांड्यावरची मोतीबाई आमच्या वावरात कापूस वेचायला यायची. त्या दिवशी तिचा लहान मुलगा धनसिंग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खेळत होता, आणि तिथे त्याला साप चावला. एकजण म्हणाला मांत्रिकाला बोलवा, दुसरा म्हणाला बैलगाडी जुंपा. जगदेवने माझं इंजिन चालू केलं. मोतीबाई पोराला मांडीवर घेऊन माझ्या दुसऱ्या सीटवर बसली आणि आम्ही वाशीमच्या दवाखान्याकडे निघालो.

मद्रासची पट्टी सपाट होती. हा रस्ता म्हणजे खड्ड्यांत मधेमधे रस्ता. मोतीबाईने एक हात पोराच्या छातीवर ठेवला होता आणि दुसरा माझ्या दारावर. ती सारखं एकच बोलत होती.

"माय, माह्या लेकराले पोचव. तुले शेंदूर लावीन माय. दरसाल लावीन."

आधी मला वाटलं ती देवीशी बोलतेय. मग कळलं, ती माझ्याशीच बोलत होती.

मंगरूळपीरच्या पुढे एका दगडाने माझं पोट फाडलं. तेल सांडत गेलं. तेलाविना इंजिन पळवलं की ते आतल्या आत जळतं; जगदेवला हे कळत होतं आणि मलाही. त्याने वेग कमी केला नाही. वाशीमच्या दवाखान्यासमोर मी पोचले, मोतीबाई पोराला घेऊन आत पळाली, आणि माझं इंजिन जागच्या जागी आवळलं. ते पुन्हा फिरलं नाही.

धनसिंग वाचला.

मला ट्रॅक्टरला बांधून परत आणलं आणि कडुनिंबाखाली उभं केलं. पुढच्या साली दुरुस्त करू, जगदेव म्हणाला. माणसांच्या बोलण्यात 'पुढच्या साली' हे एक गाव असतं. तिथे सगळे जायला निघतात, पोचलेला मी कुणी पाहिला नाही. जगदेवची पत्नी तुळसाबाई व्यवहारी बाई. तिने माझ्या सीटवर ढेपेची पोती ठेवली. कोंबड्यांनी मागच्या डिकीत अंडी घातली. टायर मातीत बसले.

पण दसऱ्याला मोतीबाई आली. वाटीत शेंदूर आणि तेल, हातात नारळ. तिने माझ्या बॉनेटवर शेंदूर फासला, डोकं टेकवलं आणि निघून गेली. पुढच्या दसऱ्याला पुन्हा आली. तिचं बघून दुसऱ्या बायका येऊ लागल्या. पेरणीआधी कुणी नारळ ठेवायचं, नवं जोडपं पाया पडून जायचं, परीक्षेच्या दिवसांत पोरं उदबत्ती लावायची. त्यांतली काही नापासही झाली, पण त्याचा दोष कुणी मला दिला नाही. लोक मला गाडीमाय म्हणू लागले. शेंदरावर शेंदूर चढत गेला आणि बॉनेटवर भाकरीसारखा जाड थर बसला. मी देव नाही. पण हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते?

बरीच वर्षं गेली. तुळसाबाई गेली. जगदेवचे जगदेवराव झाले आणि मग आबा. ऐंशीच्या घरात आले, नजर अधू झाली. धनसिंग बाप झाला, आजा झाला. दर दिवाळीनंतर तो पश्चिमेकडे ऊसतोडीच्या हंगामाला जातो आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर चालवतो. मोतीबाईला काठी आली, तरी दसरा तिने एकदाही चुकवला नाही.

आणि मग पवन आला. पवन आबांचा नातू, पुण्यात नोकरी करतो. जुन्या गाड्या पुन्हा चालत्या करण्याचं वेड त्याच्यात कुठून आलं हे मला ठाऊक आहे, घरच्यांना नाही. त्याने मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, जुन्या गाड्यांच्या एका क्लबला ईमेल टाकून शर्यतीचा एक फोटो मिळवला. काळा-पांढरा. तीन गाड्या शेवटच्या रेषेवर, आणि तिसरी मी. बॉनेटवर पांढरा आठ अगदी ठळक.

आबांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला आणि बोट ठेवलं. "हा मी."

"आबा, हेल्मेटमध्ये तोंड दिसत नाहीये."

"मले तं दिसून राह्यलं."

पवन म्हणाला, "नागपूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. शर्यतीत धावलेल्या गाड्यांचा वेगळा मान असतो. या शेंदराखाली, लाल रंगाखाली आठ निघाला, तर फोटोतली गाडी हीच. तुमचं खरं होईल."

त्या संध्याकाळी आबा माझ्यापाशी येऊन बसले, आणि त्यांचा हात शेंदरावर बराच वेळ होता. आयुष्यभर हसून सोडून दिलेलं त्यांनी खरं म्हणजे सोडलेलं नव्हतं. आपण मरायच्या आधी गावाने एकदा 'खरं आहे' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. मलाही ते हवं होतं. मी साक्षीदार होते, पण मला बोलता येत नव्हतं.

कामाला वाशीमकडच्या मालेगावचा हेमसिंग मिस्त्री आला. तांड्यावरचाच पोरगा, आता स्वतःचं गॅरेज. हात चांगला, पण तोंड त्याहून चालू. आल्या आल्या म्हणाला, "आठ दिवसांत पळवतो." त्याला दोन महिने लागले. माझ्या पोटातून उंदरांची घरटी निघाली, गांधीलमाशांचं पोळं निघालं, आणि जी हरवली म्हणून तुळसाबाईने सुनेशी अबोला धरला होता ती लोखंडी पळी निघाली. आवळलेल्या इंजिनात डिझेल ओतून ठेवलं आणि ते सुटायची वाट बघितली. पवन मोबाइलवर परदेशातून भाग मागवायचा. ते येईपर्यंत हेमसिंग रिक्षाचा नाहीतर ट्रॅक्टरचा भाग बसवून मोकळा व्हायचा. दोघं भांडायचे. मी दोघांच्या मधे उघडी पडलेली असायचे.

शेवटी बॉनेट राहिलं. पवनने ग्राइंडर आणला. हेमसिंगने तो हातात घेतला, शेंदराकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

"हे माह्याच्यानं नाई होत. तूच लाव."

तेवढ्यात मोतीबाई काठी टेकत आली. कुणीतरी तांड्यावर सांगितलं असणार. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"काय करून राह्यला रे पोरा?"

"मोतीआजी, खाली नंबर आहे. फक्त वरचा थर काढायचा आहे. नंतर तुम्ही पुन्हा लावा."

"मंग माह्या नवसाचं काय? धनसिंग तिकडं रातंदिस रोडवर राह्यते. दोन-दोन ट्राल्या मांगं. त्याले काई झालं तं तू देशीन का माहा पोरगा?"

हेमसिंग तिच्याजवळ गेला. तांड्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि तांड्यावरचे सगळेच मोतीबाईला याडी म्हणतात. "याडी, ऐक तं खरी," तो म्हणाला.

मोतीबाई आबांकडे वळली. "भाऊ, तुमी सांगा. तुमीच वाचवला व्हता त्याले. तुमी काढा म्हनसान तं मी नाई म्हननार नाई."

सगळे आबांकडे बघू लागले. मला वाटलं, आता बोला. आता 'काढा' म्हणा. एवढी वर्षं तुम्ही ऐकून घेतलंत.

आबा म्हणाले, "राहू दे रे पवन."

"आबा, पण—"

"तिसरा नंबर काय खायाचा हाये? राहू दे. तिचं लेकरू रोडवर हाये."

आणि ते काठी घेऊन घरात गेले. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगते, त्यांचा अभिमानही तेव्हाच वाटला.

बॉनेट तसंच ठेवून काम पुरं झालं. इंजिन चालू करायच्या दिवशी अख्खं गाव गोठ्यापाशी आलं. रामरावही आला. त्याच्यासाठी कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. मोतीबाईने माझ्यापुढे नारळ फोडला. हेमसिंगने चावी फिरवली. मी खोकले, काळा धूर सोडला, पुन्हा खोकले आणि मग सुरू झाले. तो आवाज माझाच आहे हे ओळखायला मला थोडा वेळ लागला. आबा डोळे मिटून ऐकत होते.

पण हेमसिंगने पंख्याला ट्रॅक्टरचा पट्टा बसवला होता आणि तो घसरत होता. पंखा फिरेना. इंजिन तापलं, बॉनेट तापलं. पवन ओरडला, "बंद कर, तापतंय!" हेमसिंग म्हणाला, "काई नाई होत, जुनी गाडी हाये, तापूनच मोकळी होते." तेवढ्यात माझ्या अंगावर तड् असा आवाज झाला. तेलाने मऊ झालेला, इंजिनाच्या थरथरीने हललेला शेंदराचा तो अख्खा थर कडेने सुटला, हळूहळू खाली सरकला आणि अलगद जमिनीवर पडला.

इंजिन बंद झालं. मोतीबाईचा हात तोंडावर गेला. मला भीती वाटली.

आणि ती ओरडली, "चोला सोडला! मायनं आपल्या मनानं चोला सोडला!"

आमच्या भागात मारुतीचा किंवा देवीचा शेंदराचा थर आपोआप सुटून पडला की देवाने चोला सोडला म्हणतात. माणसाने काढला तर पाप, देवाने सोडला तर भाग्य. भक्ताची पीडा त्या चोल्यासोबत निघून जाते असा समज आहे. बायकांनी हात जोडले. मोतीबाई रडत होती आणि हसत होती. तिने तो थर दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला.

खालच्या बाजूला लाल रंग चिकटून आला होता, आणि त्या लाल रंगावर पांढरा आठ. इंग्रजी आठ हा असा आकडा आहे की आरशात पाहा, उलटा धरा, तो आठच राहतो. माझ्या बॉनेटवर मात्र आता काही नव्हतं, नुसता गंजलेला पत्रा आणि हिरव्या रंगाचे पोपडे.

"हे काय हाये भाऊ?"

आबांनी बोटाने तो आकडा चाचपला. "माहा नंबर."

पवनने फोटो दाखवला आणि मोबाइल हातोहात फिरला. शेवटी तो रामरावकडे गेला. त्याने फोटो पाहिला, चोला पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. इंझोरीत पहिल्यांदाच रामरावला बोलायला काही सापडलं नाही.

"हे नागपूरला नेऊ," पवन म्हणाला. "काचेच्या पेटीत ठेवू."

मोतीबाई घाबरली. "नाई पोरा. सोडलेला चोला घरी नाई ठेवत. वाहत्या पान्यात सोडा लागते, आजच्या आज. नाई तं पीडा वापस येते."

"आबा, तुमचं आयुष्यभराचं खरं यात आहे!"

आबा म्हणाले, "ज्यायले पाह्याचं व्हतं त्यायनं पाह्यलं." आणि दार उघडून माझ्यात बसले. "मोतीबाई, बस."

हेमसिंगने घाईघाईत पट्टा आवळला आणि ब्रेक एकाच बाजूने लागतात असं ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. आबांना नीट दिसत नव्हतं म्हणून पवन पुढे चालत होता. मी एकेकाळी धावपट्टीवर पळालेली गाडी, त्या दिवशी मला एका सायकलवाल्याने मागे टाकलं. मला त्याचं काही वाटलं नाही. ज्या सीटवर मोतीबाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती, त्याच सीटवर ती बसली होती. मांडीवर चोला होता, आणि एक हात माझ्या दारावर.

नदीवर दोघांनी मिळून तो पाण्यात सोडला. आठ एकदा वर आला आणि मग फुटून वाहून गेला. मोतीबाईने तिथूनच धनसिंगला फोन लावला.

"बरा हायेस ना रे?"

"मले काय झालं याडी? कारखान्यावर नंबर लावून बसलो हावो."

ती हसली. आबा पाण्याकडे बघत होते.

पवनने चोल्याचा फोटो काढला होता, तो चेन्नईला पाठवला. क्लबने नम्रपणे कळवलं की असा आकडा कुणीही रंगवू शकतो. नागपूरला मी गेले आणि इतर गाड्यांच्या रांगेत कडेला उभी राहिले. मान काही मिळाला नाही. पवनला बॉनेटवर नवा आठ काढायचा होता. आबा म्हणाले, नको. या दसऱ्याला मोतीबाईने तिथे शेंदराचं एक बोट लावलं, फक्त एक.

आता मी कडुनिंबाखालीच असते, पण चालती. गावात 'मद्रास मारणं' कुणी म्हणत नाही. पाहुणे आले की लोक त्यांना घेऊन येतात, आणि सांगायचं काम रामरावचं. तो खुर्ची ओढून बसतो आणि छाती फुगवून सांगतो, "आमचा जगदेव मद्रासले गेल्ता. साऱ्या हिंदुस्थानातल्या गाड्या व्हत्या. पयला आला, पयला!"

आबा ओसरीवरून ओरडतात, "तिसरा रे बाप्पा, तिसरा!"

कुणी ऐकत नाही. पाहुणे माझ्या पाया पडतात आणि 'पहिला' घेऊन आपल्या गावी जातात. आबांची हाक दिवसेंदिवस बारीक होत चालली आहे. म्हणून तुमच्यापाशी एवढंच मागते. तुम्ही माझी गोष्ट ऐकलीत, कुठे सांगाल तर तिसराच सांगा.